पदवीधर मतदारसंघ : मतदार म्हणून नाव कसे नोंदवाल?

विधानसभेच्या यादीत नाव आहे, मतदार ओळखपत्रही आहे, मग पदवीधरच्या निवडणुकीत मत देता येईलच, असे अनेकांना वाटते. तसे नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी असते आणि ती प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होते. सहा वर्षांपूर्वी तुम्ही नोंदणी केली असली, त्या वेळी मतदान केले असले, तरी ती यादी आता रद्द समजायची. हे ठाऊक नसल्यामुळे हक्काचे मत हुकते, म्हणून ही माहिती.

आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आहेत : मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर (जुने नाव औरंगाबाद), अमरावती आणि नागपूर. शिक्षकांच्याही ७ जागा आहेत.

पात्रता समजून घेताना १ नोव्हेंबर ही तारीख धरून चला. यादी ज्या वर्षी तयार होते, त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपूर्वी किमान तीन वर्षे तुम्ही भारतातल्या विद्यापीठाचे पदवीधर असायला हवे. पदवीदान समारंभ कधी झाला हे पाहायचे नाही, तीन वर्षे निकाल लागल्यापासून मोजायची. पदवी कोणत्याही शाखेची आणि कोणत्याही राज्यातली चालते. भारताचे नागरिकत्व आणि त्या मतदारसंघात सर्वसाधारण रहिवास मात्र हवा. म्हणजे शिक्षण नागपूरला झाले आणि आता राहता साताऱ्यात, तर नोंदणी पुणे मतदारसंघात. नुसती पदविका पुरत नाही. पदवीशी समकक्ष म्हणून जाहीर झालेली अर्हता असेल तरच ती चालते.

अर्ज नमुना क्रमांक १८ मध्ये भरायचा. (शिक्षक मतदारसंघासाठी नमुना १९ असतो. त्यासाठी मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेले असावे लागते आणि संस्थाप्रमुखांचा दाखला जोडावा लागतो.) सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा अंतिम वर्षाच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत, रहिवासाचा पुरावा आणि फोटो द्या. साक्षांकन नियुक्त किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून करून घ्या आणि मूळ कागद पडताळणीसाठी जवळ ठेवा. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडा. पदवीवरचे नाव आणि अर्जावरचे नाव जुळले नाही, तर अर्ज अडकतो.

मतदार नोंदणी अधिकारी विभागीय आयुक्त असले, तरी अर्ज तुमच्या तहसील कार्यालयात देता येतो. २०१९ मध्ये १ ऑक्टोबरला जाहीर सूचना निघाली, ६ नोव्हेंबरपर्यंत अर्ज घेतले आणि ३० डिसेंबरला अंतिम यादी लागली. त्यानंतरही पुरवणी नोंदणी होते, पण पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

एक कळकळीची विनंती. "फॉर्म आमच्याकडे द्या, आम्ही जमा करतो" असे कार्यकर्ते सांगतात, पण एकगठ्ठा अर्ज स्वीकारायचे नाहीत असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. एकाच पत्त्यावरच्या कुटुंबीयांचे अर्ज घरातल्या एकाने नेले तर चालते. अर्ज स्वतः द्या, पोच घ्या आणि प्रारूप यादी लागली की नाव तपासा. नाव नसेल, तर हरकतीची मुदत तेव्हाच सुरू असते.

मतदान यंत्रावर नसून मतपत्रिकेवर होते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेननेच पसंतीच्या उमेदवारासमोर १ हा अंक लिहायचा. पुढचे २, ३ ऐच्छिक. अक्षरी "एक" लिहिले, बरोबरची खूण केली किंवा सही केली, तर मत बाद होते.