दुती चंदच्या दोन केसेस: नेमकं काय झालं होतं

धावपटू दुती चंदचं नाव निघालं की बरेच जण "ती डोपिंगवाली ना?" म्हणून मोकळे होतात आणि २०१४ ला तिला टीममधून काढलं होतं ते पण त्याच खात्यात टाकून देतात. दोन्ही भानगडी साफ वेगळ्या आहेत, आणि पहिलीत तिची काडीची चूक नव्हती.

दुती ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातली, गाव चाका गोपालपूर, घर विणकराचं, सात भावंडं. मोठी बहीण सरस्वती धावायची, तिचं बघून ही पण ट्रॅकवर आली. २०१३ ची एशियन चॅम्पियनशिप खरं तर चेन्नईला ठरली होती, पण श्रीलंकेच्या खेळाडूंवरून तमिळनाडू सरकारने हात वर केले आणि ती पुण्यात बालेवाडीला आली, तिथं या १७ वर्षांच्या पोरीनं २०० मीटरमध्ये ब्राँझ घेतलं. पुढच्या वर्षी तैपेईला ज्युनियर एशियनमध्ये गोल्ड. आणि लगेच जुलैमध्ये, ग्लासगो कॉमनवेल्थच्या तोंडावर, नाव कट. कारण काय, तर शरीरात नैसर्गिकपणे तयार होणारं टेस्टोस्टेरॉन (पुरुषांमध्ये जास्त असणारं हार्मोन) जास्त आहे.

हा नियम तिच्यासाठी केलेला नव्हता, त्याचं मूळ फार जुनं. खेळाडू खरंच बाई आहे का हे बघायला १९६६ मध्ये बायकांना डॉक्टरांपुढे कपडे काढून उभं करायचे, मग १९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये क्रोमोसोम टेस्ट आली, ती १९९९ ला बंद केली. आपल्याकडे तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं ८०० मीटरचं सिल्व्हर २००६ च्या दोहा एशियाडनंतर लिंगचाचणीवरून काढून घेतलं, तिच्यासाठी कोणी धड भांडलं पण नाही. २००९ ला दक्षिण आफ्रिकेच्या ८०० मीटरवाल्या कॅस्टर सेमेन्यावरून असाच जगभर गदारोळ झाला आणि २०११ मध्ये आयएएएफने, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने, टेस्टोस्टेरॉनला लिमिट घातली, लिटरभर रक्तात १० नॅनोमोल. वर गेलात तर औषधं घ्या नाहीतर ऑपरेशन करा, तरच पळा.

दुती म्हणाली नाही करणार. मला तिचं खरं मोठेपण इथंच वाटतं, मेडल्स नंतर. संशोधक पायोष्णी मित्रा सोबत उभ्या राहिल्या, कॅनडाच्या वकिलांनी फी न घेता केस लढवली, आणि जुलै २०१५ मध्ये कॅसने म्हणजे खेळांच्या लवादाने नियम दोन वर्षांसाठी थांबवला, कारण जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे बाईला नेमका किती फायदा होतो हे आयएएएफला दाखवता आलं नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २०१६ ला अल्माटीत ११.२४ सेकंद आणि रिओचं तिकीट, १९८० च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकची १०० मीटर पळणारी पहिलीच भारतीय बाई. २०१८ च्या जकार्ता एशियाडला १०० आणि २०० दोन्हीत सिल्व्हर, २०१९ ला नेपल्सच्या युनिव्हर्सिएडमध्ये (विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत) गोल्ड, त्याच वर्षी आपलं एका मुलीवर प्रेम आहे हे उघड सांगितलं (आणि घरच्यांचा विरोध ओढवून घेतला), २०२१ ला पटियालात ११.१७. या सगळ्यात एक गंमत अशी की २०१८ मध्ये आयएएएफ टेस्टोस्टेरॉनचा नवा नियम घेऊन आली पण तो फक्त ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच रेसेसना, म्हणजे दुती सुटली आणि सेमेन्या अडकली.

दुसरी केस डिसेंबर २०२२ ची. स्पर्धेबाहेर घेतलेल्या सॅम्पल्समध्ये सार्म्स सापडले, ही स्नायू वाढवायला बाहेरून घेतली जाणारी औषधं, शरीर ती बनवत नाही, त्यामुळे टेस्टोस्टेरॉनच्या वादाशी याचा काही संबंध नाही. नकळत घेतलं गेलं हा तिचा बचाव टिकला नाही आणि ३ जानेवारी २०२३ पासून चार वर्षांची बंदी लागली. इथं मी तिची बाजू घेणार नाही.

तिकडे मार्च २०२३ मध्ये वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने, म्हणजे तीच जुनी आयएएएफ, लिमिट २.५ वर आणून सगळ्याच रेसेसना लावली, १०० मीटर पण आली त्यात. आणि सप्टेंबर २०२५ पासून तर बायकांच्या गटात वर्ल्ड रँकिंगच्या स्पर्धा पळायच्या तर एकदा एसआरवाय जीनची (हा पुरुषांच्या वाय क्रोमोसोमवर असतो) टेस्ट द्यावीच लागते, गालाच्या आतून स्वॅब नाहीतर रक्त.