मॅक्सचे पंख आले कुठनं, आणि दुसऱ्या भागात गेले कुठं

मागच्या आठवड्यात पुतणीनं 'मॅक्सिमम राईड' या जेम्स पॅटरसनच्या मालिकेचं, पंख असलेल्या मॅक्सच्या गोष्टींचं, पहिलं पुस्तक संपवलं आणि रात्री जेवताना विचारलं, "काका, हिच्या आधीपण एक मॅक्स होती म्हणे, ती हीच का वेगळी?" पुस्तकात लेखकानं तसं स्वतःच लिहून ठेवलंय, की कल्पना माझ्याच आधीच्या दोन पुस्तकांतनं आली, पण ही मॅक्स ती नव्हे. मी म्हणलं वेगळी आहे, पण ते असं एका वाक्यात सांगायचं काम नाही, हात धू आणि बस. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण त्या आधीच्या दोन पुस्तकांतलं पहिलं माझ्या लई जवळचं आहे आणि दुसऱ्यानं मला जेवढं निराश केलं तेवढं क्वचित कुठल्या पुस्तकानं केलं असेल.

पहिलं म्हणजे जेम्स पॅटरसनचं 'व्हेन द विंड ब्लोज', १९९८. दुसरं 'द लेक हाऊस', २००३. पहिल्यात कोलोरॅडोच्या डोंगरात एक गुप्त प्रयोगशाळा आहे, तिला 'स्कूल' म्हणतात, तिथनं अकरा वर्षांची मॅक्स पळून जाते आणि तिला पंख आहेत. तिला भेटते फ्रॅनी, जनावरांची डॉक्टर, आणि किट, ज्याची बायको-पोरं विमान अपघातात गेलीत असा एफबीआयचा माणूस. गोष्ट एवढीच. पण मी ती वाचली तेव्हा रात्री दोन वाजता पुस्तक मिटलं आणि झोप लागली नाही.

आता हे पंख आले कुठनं ते बघायला लई मागं जावं लागतं.

माणसानं प्राणी बदलायची हौस जुनीच. आमच्या गल्लीत एक मामा आहेत, माडीवर कबुतरांची खुराडी, सकाळी सहाला शिट्टी मारून थवा उडवणार. त्यांना जीन म्हणजे काय ते माहीत नाही, पण कुठल्या नराला कुठल्या मादीशी जोड लावली की पिल्लू जास्त वेळ उडतंय हे ते डोळे झाकून सांगतात. डार्विननं १८५९ च्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात कबुतरांवर पानंच्या पानं लिहिलीत, आणि त्यानं स्वतः कबुतरं पाळली होती, ते उगाच नाही. निवडून जोड लावत गेलं की प्राणी बदलतो, हे माणसाला कळलेलं होतं. का बदलतो ते कळायचं होतं. आईबापाचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात ते सांगणारा मेंडेलचा वाटाण्याचा पेपर १८६६ ला छापून आला आणि १९०० पर्यंत त्याकडं कुणी बघितलंच नाही म्हणलं तरी चालेल.

त्यामुळं १८९६ ला एच. जी. वेल्सनं बेटावरच्या डॉक्टर मोरोची गोष्ट लिहिली तेव्हा त्याच्याकडं जीन नव्हतेच, सुरी होती. मोरो प्राण्यांना कापून-शिवून माणूस करायला बघतो. मग १९२३ ला जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं केंब्रिजमध्ये एक भाषण दिलं, त्यात पोरं आईच्या पोटाबाहेर वाढवता येतील असं भाकीत केलं. (हाच हाल्डेन १९५७ ला भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ ला भुवनेश्वरात वारला, आपल्याकडं त्याची आठवण फार कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं.) त्याच्या त्या कल्पनेची सावली १९३२ च्या आल्डस हक्सलेच्या कादंबरीवर पडलेली दिसते, तिथं पोरं बाटलीत तयार होतात आणि जन्माआधीच ठरतं कोण साहेब होणार आणि कोण हमाल.

इथं एक गोष्ट बघा. या कुठल्याच गोष्टीत पोरगं स्वतः बोलत नाही. डॉक्टर बोलतो, पाहुणा बोलतो, समाजावर भाष्य होतं, पण ज्याच्यावर प्रयोग झाला त्या लेकराच्या अंगात शिरून कुणी बघत नाही. पुढं १९५७ ला जॉन विंडमनं एका खेड्यात एकाच वेळी जन्मलेल्या विचित्र मुलांची गोष्ट लिहिली, ती मुलं तर थंड आणि भीतीदायकच आहेत. १९८९ ला रॉबिन कुकचं 'म्युटेशन' आलं, त्यात डॉक्टर बापानं स्वतःच्याच पोराचे जीन बदललेत आणि शेवटी त्या हुशार पोराचीच दहशत वाटायला लागते. रॉबिन कुक आपल्याकडं वेगळा सांगायला नको, मराठी अनुवादांनी वाचनालयांची कपाटं भरलीत. तर तोपर्यंत हा सगळा प्रकार म्हणजे पोराची भीती. पोरासाठी भीती वाटावी असं फारसं कुणी लिहिलं नव्हतं.

दरम्यान खऱ्या प्रयोगशाळा पुढं निघाल्या होत्या. १९७३ ला कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांनी एका जीवाचा डीएनएचा तुकडा दुसऱ्यात घालून दाखवला, आणि शास्त्रज्ञच एवढे दचकले की १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात असिलोमारला जमून त्यांनी स्वतःवरच नियम घालून घेतले. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातनं दुर्गा जन्मली, पण त्या डॉक्टरांचा जिवंतपणी अपमानच झाला आणि १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. १९८२ ला पाल्मिटर आणि ब्रिन्स्टर यांनी उंदराच्या गर्भात घुशीसारख्या मोठ्या उंदराचा वाढीचा जीन घातला आणि जवळजवळ दुप्पट उंदीर तयार झाला, त्या दोन भावंडांचा शेजारी-शेजारी फोटो आहे, एक साधा आणि एक आडदांड. १९८८ ला तर अमेरिकेत अख्ख्या उंदराचं पेटंट मिळालं, म्हणजे जिवंत प्राणी आता मालकीची वस्तू. हे डोक्यात ठेवा, दुसऱ्या भागाशी याचा संबंध आहे.

मग आली डॉली, मोठ्या मेंढीच्या पेशीपासनं केलेली तिची हुबेहूब नक्कल. ५ जुलै १९९६ ला जन्मली, जगाला कळलं १९९७ च्या फेब्रुवारीत. २७७ वेळा पेशी जोडल्या तेव्हा एक कोकरू जगलं. त्याच सुमारास पाठीवर माणसाचा कान उगवलेल्या उंदराचा फोटो सगळीकडं फिरला. खरं तर त्या कानाचा जीनशी काही संबंध नव्हता, गाईच्या कूर्चेच्या पेशी कानाच्या साच्यात घालून कातडीखाली बसवलेल्या होत्या, पण फोटो बघणाऱ्याला तेवढं कोण सांगणार. लोकांना वाटलं आता काहीपण होऊ शकतं. १९९८ ला मॅक्स उडाली ती या हवेत उडाली. वाचणाऱ्याला खात्रीनं 'हे होत नाही' म्हणता येत नव्हतं, आणि थ्रिलरला तेवढी फट पुरते.

खरं तर होत नाही. मामांनी एकदा माझ्या हातात कबुतर दिलं होतं, पाय बोटांच्या बेचक्यात, अंगठे पाठीवर. छातीखाली मधोमध नांगराच्या फाळासारखं हाड हाताला लागतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूला जे घट्ट मांस आहे ते सगळं पंख मारायचं यंत्र, पक्ष्याच्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा तेवढाच. बाकी सगळं हलकं, हाडं पोकळ, फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या. मुठीत धरलं तर आत काळीज असं धडधडतंय की आपलाच हात थरथरतोय असं वाटतं. एवढं सगळं करून जगात उडणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांत आपला माळढोक येतो, नर पंधरा किलोपर्यंत. अकरा वर्षांची पोरगी तीस-पस्तीस किलोची. एकदोन जीन इकडचे तिकडं करून हे गणित सुटत नाही, अख्खं शरीर नव्यानं मांडावं लागेल.

पण पॅटरसननं दोन गोष्टी फार शहाणपणानं केल्या. एक म्हणजे मॅक्सला बघणारी डॉक्टर त्यानं जनावरांची घेतली, जखमी जनावराला कसं शांत करायचं, कुठं हात लावायचा नाही, हे जिला कळतं अशी. आणि दुसरं, त्यानं मॅक्सच्या डोक्यात आपल्याला बसवलं. तिला बाहेरचं जग माहीत नाही, तिला शाळा म्हणजे पिंजरा एवढंच माहीत. शंभर वर्षांच्या या गोष्टींत कॅमेरा पहिल्यांदा काचेच्या आतल्या बाजूनं लागला असं मला वाटतं. निदान मी तरी त्याआधी असं काही वाचलं नव्हतं. पुस्तकात भीती आहे ती मॅक्सची नव्हे, मॅक्ससाठी.

आता 'द लेक हाऊस'. पाच वर्षं गेली होती आणि जग बदललं होतं. २००० च्या जूनमध्ये मानवी जीनोमचा, म्हणजे माणसाच्या सगळ्या जीनांच्या नकाशाचा, पहिला मसुदा जाहीर झाला, २००३ च्या एप्रिलमध्ये काम पूर्ण झाल्याची घोषणा, त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला डॉली गेली. आपल्याकडं २००२ ला बीटी कापसाला परवानगी मिळाली, म्हणजे जीन बदललेली गोष्ट विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पिशवीत येऊन पोचली. 'होईल का' हा प्रश्न शिळा झालेला. नवा प्रश्न होता 'मालक कोण'. ज्या देशात उंदराचं पेटंट निघालं आणि जिथं १९८८ ला सरोगसीच्या बेबी एम खटल्यात न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाला बाळ कुणाचं हे ठरवावं लागलं, तिथं प्रयोगशाळेत घडवलेलं पोरगं कुणाचं? जन्म देणाऱ्याचं, घडवणाऱ्याचं, का ज्यानं जीव धोक्यात घालून वाचवलं त्याचं?

आणि गंमत नाही, अगदी मनापासनं सांगतो, पॅटरसनला हा प्रश्न सापडला होता! पुस्तक कोर्टातच सुरू होतं. एका बाजूला फ्रॅनी आणि किट, दुसऱ्या बाजूला मुलांचे जन्मदाते आईबाप, आणि मधे मॅक्स आणि तिच्यासारखीच बाकीची पाच पोरं. मी वाचताना सरसावून बसलो होतो, कारण दोन्ही बाजू खऱ्या होत्या. त्या आयांची काय चूक? निकाल आईबापांच्या बाजूनं लागतो, पोरं वेगवेगळ्या घरी जातात, आणि मला वाटलं आता खरं पुस्तक सुरू होणार. ज्या आईनं आपलं लेकरू कधी बघितलंच नाही तिच्या दारात पंख असलेली पोरगी उभी राहिली, तर पहिल्या रात्री ती काय करेल? ब्लाऊज शिवायला टाकताना पाठीचं काय सांगेल? पोरगी शाळेत जाईल का?

यातलं धड काहीच येत नाही. डॉक्टर इथन केन नावाचा एक खलनायक येतो, त्याचं गुप्त हॉस्पिटल येतं, आणि पुस्तक पळायला लागतं. पहिल्या भागातली शाळा गेली आणि हॉस्पिटल आलं, पाटी तेवढी बदलली. चार-पाच पानांची प्रकरणं पहिल्या भागात धाप लागल्यासारखी वाटायची, इथं ती घाईची वाटतात. आणि बारा वर्षांच्या मॅक्सचं त्या पाचांतल्या ओझ नावाच्या पोराबरोबर जे जमवलंय, पक्ष्याच्या अंगानं ती लवकर मोठी झाली म्हणून, ते मला तेव्हाही वाचवलं नाही आणि आता पुतणी त्याच वयाची आहे तर अजूनच नाही. जिच्या डोक्यात बसून आपण आभाळ बघितलं तिच्याकडं लेखक परत काचेच्या बाहेरनं बघायला लागला, या पंखवाल्यांची वंशवेल कशी पुढं चालणार याचा हिशोब करत, अगदी प्रयोगशाळेसारखा. मला राग आला तो याचा.

माझ्या एका मित्राचं म्हणणं, "भावा, दुसरा भाग असाच असतोय, त्यात काय एवढं." मला ते पटत नाही. दुसऱ्या भागाकडं सांगायला नवं नसतं तेव्हा तो पडतो हे मान्य, पण इथं पहिल्यापेक्षा मोठी गोष्ट हातात आली होती आणि सोडून दिली.

बहुतेक लेखकालाही काहीतरी कळलं असावं, कारण २००५ ला त्यानं सगळं पुसून नव्यानं सुरू केलं. मॅक्स चौदा वर्षांची, फ्रॅनी-किट नाहीत, कोर्ट नाही, आणि मॅक्स आता 'मी' म्हणून बोलते. पुतणीच्या हातात होतं ते हेच. गोष्ट पोरांसाठी लिहिलीय, पण कॅमेरा परत आत गेलाय.

खऱ्या जगात ही वेळ आली ती नोव्हेंबर २०१८ ला. चीनच्या हे जियानकुईनं जाहीर केलं की गर्भातच जीन बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्यात, एचआयव्ही होऊ नये म्हणून सीसीआर५ नावाच्या जीनमध्ये क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्रानं फेरफार केला. जगभरातनं निषेध झाला, २०१९ च्या डिसेंबरात त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. पंख नाहीत, गुप्त डोंगर नाही, यूट्यूबवर व्हिडिओ टाकून सांगितलं त्यानं. मुलींना जगानं लुलू आणि नाना म्हणलं, ती त्यांची खरी नावं नव्हेत.

हे सगळं ऐकून पुतणी म्हणाली, "मग त्या मुली आता शाळेत जात असतील की." मी म्हणलं हो, वयानं तर जायला पाहिजेत. मग तिनं 'व्हेन द विंड ब्लोज' मागितलं. कपाटातनं काढून दिलं, पुढचं मात्र तिथंच ठेवलंय, दोन-तीन वर्षांनी मागितलं तर देईन.