पुढची काच आणि दाराची काच: दोन्ही सेफ्टी ग्लासच, पण काम एकदम उलटं

गाडीच्या सगळ्या काचा सारख्याच असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मग गाडी पाण्यात अडकली की माणूस घाबरून समोरच्याच काचेवर लाथा मारत बसतो, म्हणून हे नीट लिहितेय.

कारची पुढची काच लॅमिनेटेड असते, तसा नियमच आहे आपल्याकडे. दोन पातळ काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर. दगड लागला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, पण तुकडे त्या थराला चिकटून राहतात. ही काच अपघातात माणसाला बाहेर फेकलं जाऊ देत नाही, शिवाय बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरशेजारची एअरबॅग उघडताना हिच्यावरच टेकते, त्यामुळे काच बदलताना चिकटवण्याच्या कामात पैसे वाचवायला जाऊ नका प्लीज.

दाराची काच बहुतेक गाड्यांत टफन. एकच काच, 600 डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोताने झटक्यात गार केलेली, म्हणून बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि आतला भाग ताणलेला. हाताने ठोकून ढिम्म हलत नाही, पण टोकदार वस्तूने बाहेरचा थर एकदा भेदला की अख्खी काच खडीसाखरेसारखी दाणेदार होऊन खाली.

टेस्ट पण बघा किती वेगळ्या. युनोच्या 43 नंबरच्या रेग्युलेशनमधे टफन काच मुद्दाम फोडून 5 बाय 5 सेंटीमीटरच्या चौकोनात तुकडे मोजतात, 40 पेक्षा कमी भरले तर नापास, कारण मोठा तुकडा म्हणजे सुरीच. लॅमिनेटेडवर मात्र सव्वादोन किलोचा स्टीलचा गोळा 4 मीटरवरून टाकतात आणि तो 5 सेकंदात आरपार गेला नाही पाहिजे. आपल्याकडे यासाठी आयएस 2553 भाग 2 आहे, काचेच्या कोपऱ्यात तो नंबर बघा.

26 जुलै 2005 ला मुंबईत बंद गाड्यांमधे अडकून माणसं गेली, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. अशा वेळी दाराचीच काच फोडायची, मधोमध नाही, कोपऱ्यात, टोकदार हातोडीने.

पण एक घोळ आहे, आवाज कमी यावा म्हणून काही नव्या गाड्यांत दारालाही लॅमिनेटेड काच येते आणि त्या हातोडीने ती फुटून मोकळी होत नाही. म्हणून आजच काच अर्धी खाली करून वरची कड निरखून बघा, मधे थराची रेघ दिसली तर लॅमिनेटेड. चारही दारं तपासा, आणि हातोडी डिकीत नको, बेल्ट लावून बसल्यावर हात पोचेल तिथे ठेवा.