डॅव्हनपोर्ट (आयोवा)

डॅव्हनपोर्ट : अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मिसिसिपीकाठचे शहर व स्कॉट काउंटीचे मुख्य ठाणे. लोकसंख्या 1,01,724 (2020). डॅव्हनपोर्ट, शेजारचे बेटेनडॉर्फ आणि नदीपलीकडची, इलिनॉय राज्यातली रॉक आयलंड, मोलीन व ईस्ट मोलीन मिळून होणाऱ्या वस्तीला ‘क्वाड सिटीज’ म्हणतात. नावात चार, मोजायला गेले तर पाच. सगळा परिसर धरून लोकसंख्या पावणेचार लाखांच्या थोडी वर जाते.

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ दिशांचा होतो. मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते हे शाळेत शिकलेले असते. इथे मात्र ती वळण घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. त्यामुळे नकाशावर आयोवाच्या पूर्वेला असणाऱ्या इलिनॉयमध्ये जायला डॅव्हनपोर्टहून दक्षिणेकडे पूल ओलांडावा लागतो. ‘नदीच्या दिशेला’ आणि ‘टेकडीच्या दिशेला’ एवढे दोन पत्ते लक्षात ठेवले की गाव सापडते. काठावर जुना बाजार, त्यामागे ब्रेडी स्ट्रीटची दमछाक करणारी चढण आणि वर पसरलेली घरे. 1975पासून होणारी ‘बिक्स 7’ ही सात मैलांची जुलैतली शर्यत याच चढणीने सुरू होते.

हा मुलूख सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ अमेरिकी लोकांचा. नदीपलीकडे, रॉक नदीजवळ, त्यांचे सॉकेनक हे मोठे गाव होते. सॉक नेता ब्लॅक हॉक याच्याशी 1832 साली झालेल्या युद्धानंतर पश्चिम काठावरची जमीन तहाने त्यांच्याकडून घेतली गेली. तहाच्या वेळी दुभाषा असलेल्या अँत्वान लक्लेअरने 1836 साली इतरांना सोबत घेऊन गाव वसवले आणि त्याला आपला मित्र, व्यापारी जॉर्ज डॅव्हनपोर्ट, याचे नाव दिले. 1848च्या फसलेल्या क्रांतीनंतर उत्तर जर्मनीकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइनमधून जर्मन लोक मोठ्या संख्येने आले.

मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल 1856 साली इथेच झाला. पूल सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील, तोच ‘एफी आफ्टन’ ही आगबोट त्यावर आदळून जळाली आणि पुलाचा एक गाळाही तिच्याबरोबर गेला. बोटमालकाने दावा लावला. पूल कंपनीच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि पूल टिकला. पुढे त्याची जागा बदलली. आजचा 1896चा गव्हर्न्मेंट ब्रिज दुमजली आहे : वर रेल्वे, खाली मोटारी. बोट आली की त्याचा एक भाग आडवा फिरतो आणि मोटारी मुकाट थांबतात.

पुलाखालीच 1934 साली पूर्ण झालेले 15 क्रमांकाचे धरण व लॉक आहे. गावात एकच दुपार असेल तर ती इथे घालवावी. लॉक म्हणजे दोन दारांची पाण्याची खोली : बोट आत घ्यायची, दार लावायचे, पाणी चढवायचे किंवा उतरवायचे आणि पुढचे दार उघडायचे. अडचण लांबीची आहे. खोली 600 फूट आणि मका-सोयाबीन घेऊन निघालेला पंधरा बार्जांचा (सपाट तळाच्या मालवाहू होड्यांचा) तांडा जवळपास दुप्पट. मग तांडा मध्येच तोडतात, पुढचा भाग आधी काढतात, मागचा नंतर, आणि पलीकडे पुन्हा दोरखंडांनी जोडतात. यात दीड तास सहज जातो. तांड्यामागच्या बोटीला ‘टो-बोट’ म्हणतात. नाव ओढण्याचे असले तरी ती ढकलते. धरण आर्सेनल बेटावर आहे आणि बेट लष्कराच्या ताब्यात, म्हणून फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागते.

या गावाची खरी ओळख म्हणजे त्याने नदीपुढे न बांधलेली भिंत. वरच्या मिसिसिपीवरील बहुतेक शहरांनी पूरभिंती बांधल्या. डॅव्हनपोर्टने 1980च्या दशकात तो प्रस्ताव नाकारला. खर्च हे एक कारण होते, आणि भिंतीमागे गेलेली नदी मग दिसणार कुणाला, हे दुसरे. काठावर बागा राहिल्या, पायवाट राहिली, 1931चे बेसबॉल मैदानही राहिले. धोक्याची पातळी 15 फूट. 9 जुलै 1993 रोजी पाणी 22.63 फुटांवर गेले आणि मैदानाचे तळे झाले. पुढे मैदानाला पूरसंरक्षण मिळाले. आता पुरात चहूकडे पाणी असतानाही आत सामना चालतो. 30 एप्रिल 2019 रोजी मात्र रिव्हर ड्राइव्हवरची, जाळीच्या पिंजऱ्यांत वाळू भरून उभी केलेली तात्पुरती भिंत फुटली आणि बाजाराच्या काही गल्ल्या घटकाभरात पाण्याखाली गेल्या. 2 मे रोजी नोंद झाली 22.70 फूट. 1993चा विक्रम मोडला तो एक इंचाहूनही कमी फरकाने. 2023च्या मे महिन्यारंभी पाणी पुन्हा साडेएकवीस फुटांपर्यंत चढले. न बांधण्याचा निर्णय शहाणपणाचा की हौसेचा, याचा निवाडा काठावर दुकान असलेला आणि टेकडीवर घर असलेला सारखा करत नाही.

राहणाऱ्यांच्या दृष्टीने दोन राज्ये म्हणजे रोजचा व्यवहार. आयोवात राहून इलिनॉयमध्ये नोकरी करणे सर्रास चालते. दोन्ही राज्यांतील करारामुळे पगारावरचा राज्य आयकर राहत्या राज्यालाच जातो. मोलीनला ‘जॉन डियर’चे मुख्यालय आहे आणि ईस्ट मोलीनमध्ये कापणी-मळणी यंत्रांचा कारखाना. याच कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आणि तंत्रज्ञान केंद्र पुण्यात आहे. मराठी माणसाचा या गावाशी संबंध येतो तो बहुधा याच वाटेने. मोटारीवाचून इथे निभत नाही. शिकागो मोटारीने पावणेतीन तासांवर असले तरी तिथे जाणारी प्रवासी रेल्वे नाही. हवा दोन्ही टोकांची : उन्हाळा घामाचा, हिवाळा हाडे गोठवणारा. पुराचा विक्रम झाला त्याच 2019 साली 31 जानेवारीला मोलीन विमानतळावर उणे 33 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे 36 सेल्सियस, नोंदले गेले होते. जुन्या विटांच्या इमारती देखण्या असल्या तरी घर भाड्याने घेताना नीट पाहावे : 28 मे 2023 रोजी गावातल्या अशाच एका सहामजली इमारतीचा भाग कोसळून तिघांचा जीव गेला.

जॅझमधला कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य) वाजवणारा बिक्स बायडरबेक इथे 1903 साली जन्मला, 1931 साली न्यूयॉर्कमध्ये वारला आणि इथल्याच ओकडेल दफनभूमीत विसावला. वर उल्लेखलेली शर्यत त्याच्याच नावाची. कायरोप्रॅक्टिक या, हातांनी पाठीचे मणके दाबून करायच्या उपचारपद्धतीची सुरुवातही याच गावातली : डी. डी. पामर यांनी 1895 साली पहिला उपचार केला, 1897 साली शाळा काढली, आणि ती शाळा ब्रेडी स्ट्रीटवर आजही आहे. काठावरचे काचेचे फिगी कला संग्रहालय (2005) ब्रिटिश वास्तुकार डेव्हिड चिपरफील्ड यांनी आखले. खाण्यात इथला पिझ्झा वेगळा. पिठात माल्ट असल्याने पोळी खरपूस व किंचित गोड लागते, सॉसेज चीजच्या खाली दडलेले असते आणि तुकडे त्रिकोणी न करता कात्रीने लांब पट्ट्या कापतात. शाकाहाऱ्याने मागवताना आधीच सांगावे.

उन्हाळ्यात ‘चॅनल कॅट’ ही लहान बोट दोन्ही काठांमध्ये फिरते. सायकलही चढवू देतात. जानेवारीत वरची नदी गोठते, पण धरणाखालचे खळाळते पाणी उघडे राहते, आणि त्यातले मासे टिपायला पांढऱ्या डोक्याचे गरुड काठच्या निष्पर्ण झाडांवर येऊन बसतात. सकाळी लवकर जावे, दुर्बीण न्यावी. हातमोजे काढावे लागणार नाहीत अशी असली तर उत्तम.