छत्तिसातला एक

फोटोसाठी वीस जण ओळीत उभे आहेत. प्रत्येकाची पापणी मिनिटाला दहा वेळा लवते आणि दर वेळी पाव सेकंद मिटलेली राहते असं धरा. एकट्याचा फोटो बिघडण्याची शक्यता शंभरात जेमतेम चार. पण विसांचे डोळे एकाच क्षणी उघडे सापडण्याची शक्यता ४३ टक्क्यांवर येते! ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना याच गणितासाठी २००६ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. त्यांचा ठोकताळा असा: माणसं विसाच्या आत असतील तर चांगल्या उजेडात त्यांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, कारण तेव्हा शटर जास्त वेळ उघडं राहतं. उत्तर येईल तेवढे फोटो काढा.

मासिकाचा छायाचित्रकार एका छापील फोटोसाठी इतके फोटो का काढतो, याचं उत्तर मला इथेच सापडतं. त्याला नुसते उघडे डोळे पुरत नाहीत. चेहऱ्यावरचा भाव, हाताची ठेवण, उजेड, फोकस, मागची गर्दी, सगळंच जुळून यावं लागतं. या पाचांपैकी प्रत्येक गोष्ट साधण्याची शक्यता निम्मी धरली, तर पाचही एकदम साधण्याची शक्यता उरते बत्तिसात एक. फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो निघत. म्हणजे अख्खा रोल संपवावा तेव्हा हाती एक! कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलमधले सगळे फोटो छोट्या आकारात एकत्र छापलेल्या कागदावर, भिंग फिरवता फिरवता ज्या चौकटीभोवती लाल पेन्सिल फिरते, ती ही. उरलेल्या पस्तिसांना मी उधळपट्टी म्हणणार नाही. त्यांच्याशिवाय ती एक मिळालीच नसती.

नुसतं बटण दाबून धरल्याने मात्र भागत नाही. सेकंदाला वीस फोटो घेणारा कॅमेरा पाव सेकंदात पाच घेतो. पापणी मिटलेली असेल तर पाचही बाद. धावत्या चित्त्यासाठी तो वेग हवाच, चेहऱ्यासाठी मात्र दोन फोटोंच्या मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.

‘नॅशनल जिऑग्राफिक’चे जिम ब्रँडनबर्ग यांनी १९९४ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटाच्या जंगलात उलटाच नेम धरला. ९० दिवस, दिवसाला एकच क्लिक. ते फोटो नोव्हेंबर १९९७ च्या अंकात आले. शक्यतेचं गणित त्यांनाही चुकलं नव्हतंच. बाकीच्या चौकटी ते बटणाला बोट लावण्याआधीच, जंगलात हिंडताना, नजरेने बाद करत होते.