सुपरवायझरला न सांगितलेलं

१९९६ साली अमेरिकेत निकोलस लॅडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसोपचार शिकणाऱ्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारला: सुपरवायझरला, म्हणजे तुमच्या केसेसवर देखरेख ठेवून शिकवणाऱ्या अनुभवी थेरपिस्टला, तुम्ही काय सांगत नाही? सुमारे ९७ टक्के जणांनी काही ना काही सांगायचं टाळलं होतं. ते खोटं बोलले असं नाही. बहुतेकांनी विषयच काढला नाही. न सांगितलेल्या गोष्टींत क्लायंटबाबत झालेल्या चुका होत्या, खासगी अडचणी होत्या, मूल्यमापनाची धास्ती होती. सगळ्यात जास्त होती ती खुद्द सुपरवायझरबद्दलची नाराजी.

शस्त्रक्रिया शिकवणारा सर्जन शेजारी उभा असतो. मानसोपचारात मात्र खोलीत बहुधा दोघंच असतात, क्लायंट आणि शिकाऊ थेरपिस्ट. आत काय घडलं ते सुपरवायझरला नंतर कळतं, तेही शिकणारा सांगेल तेवढंच. १९२० मध्ये मॅक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने बर्लिनला मनोविश्लेषणाचं क्लिनिक सुरू झालं आणि देखरेखीखाली केस हाताळणं हा तिथे प्रशिक्षणाचा रीतसर भाग बनला. तेव्हापासून ही अडचण आहेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास सेशन्स ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली, त्यामुळे निदान स्मरणशक्तीवरचा भार हलका झाला. पण आजही रेकॉर्डिंगमधली कुठली पाच मिनिटं ऐकवायची, हे अनेकदा शिकणाराच ठरवतो.

म्हणून चांगल्या शिकाऊ थेरपिस्टच्या गुणांत मी बुद्धी किंवा वाचनाच्या आधी मोकळेपणा ठेवेन. मोकळेपणा म्हणजे मन उघडं करून रडणं नव्हे. ‘सेशन छान झालं’ या वाक्यावर सुपरवायझर काहीच करू शकत नाही. ‘ती वडिलांबद्दल बोलताना रडायला लागली आणि मी घाईघाईने झोपेबद्दल विचारलं’ यावर मात्र तासभर काम होऊ शकतं. घाई का झाली, रडणं कुणाला सहन होत नव्हतं, पुढच्या वेळी नुसतं थांबता येईल का? आणि पुढच्या सेशनमध्ये ते खरंच करून पाहिलं, तरच शिकणं झालं. सगळ्या सूचनांना मान डोलावून पुन्हा जुन्याच वाटेने जाणारा विद्यार्थी, माझ्या मते, हुज्जत घालणाऱ्यापेक्षा शिकवायला अवघड.

काही वर्षं गेली की अनुभवाने आपोआप जमेल, ही आशाही फारशी टिकत नाही. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १७० थेरपिस्ट आणि त्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. अनुभव वाढला तसे सरासरी परिणाम सुधारले नाहीत. उलट किंचित घसरले. घसरण अगदी बारीक होती आणि काही थेरपिस्ट सुधारलेही, पण नुसत्या वर्षांच्या हिशेबाला धक्का बसलाच. २०१२ मध्ये स्टीव्हन वॉल्फिश यांच्या गटाने १२९ व्यावसायिकांना स्वतःची तुलना इतरांशी करायला सांगितलं, तेव्हा एकानेही स्वतःला सरासरीपेक्षा खाली ठेवलं नाही!

मग स्वतःवर शंका घ्यावी का? नॉर्वेतल्या हेलेने निसेन-ली यांच्या संशोधनातलं उत्तर मला फार आवडतं. आपल्या कामाबद्दल शंका बाळगणाऱ्या थेरपिस्टच्या क्लायंट्सना जास्त फायदा झालेला दिसला, विशेषतः तो थेरपिस्ट माणूस म्हणून स्वतःशी मायेने वागणारा असेल तर. ‘माझं हे वाक्य चुकलं’ हे ज्याला ‘मी नालायक आहे’ असं ऐकू येत नाही, तोच ते वाक्य सुपरव्हिजनमध्ये आणू शकतो.

अर्थात सगळा भार शिकणाऱ्यावर टाकणं अन्यायाचं होईल. आपल्याकडे सुपरवायझर म्हणजे ‘सर’ किंवा ‘मॅडम’. बहुधा लॉगबुकवर, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीवर, सही त्यांचीच, नोकरीसाठी शिफारसपत्रही त्यांचंच. अशा माणसासमोर ‘तुमचं मागच्या वेळचं बोलणं मला लागलं’ असं म्हणणारी मुलगी विरळाच. लॅडनींच्या अभ्यासातही नातं जिथे कच्चं होतं तिथे गोष्टी दडून राहिल्या, आणि सुपरवायझरांनीही त्या फारशा उकरून काढल्या नाहीत. तरी बऱ्याच जणांनी त्या कुणाला तरी सांगितल्या होत्याच: बहुतेकदा बरोबर शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना.