टेस्टला कीबोर्ड नसतो

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या हिशेबासाठी पायथनमध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्राम घ्या. तो ‘कॅरेट किती?’ विचारतो, मग ‘भाव किती?’ आणि रक्कम छापतो. हातानं चालवला तर ठीक चालतो. त्याची युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा छोटा भाग आपोआप तपासणारा कोड, पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनानं चालवली, की पहिल्याच ‘इनपुट’पाशी, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या फंक्शनपाशी, ओएस-एरर येते. पायटेस्ट कीबोर्डवरून वाचायची वाट मुद्दाम बंद ठेवतं, नाहीतर टेस्ट उत्तराची वाट पाहत तशीच अडकून राहिली असती.

म्हणून आधी गुणाकार वेगळ्या फंक्शनमध्ये काढा. १२ कॅरेट, ६५० रुपये भाव, उत्तर ७,८००. हे तपासायला कन्सोल लागतच नाही, आणि बहुतेक टेस्ट इथेच लिहून होतात.

उरला वाचणारा भाग. पायटेस्टमधली मंकीपॅच ही सोय वापरून ‘इनपुट’च्या जागी आपलं फंक्शन बसवता येतं, टेस्ट संपली की मूळचं आपोआप परत येतं. इथे दोन चुका फार होतात. बदली फंक्शननं प्रश्नाचा मजकूर स्वीकारला नाही, तर टाइप-एरर येते. दुसरी चूक लपून राहते: उत्तर १२ हा अंक म्हणून दिला, तर कोडमध्ये ‘इंट’ (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावायचं राहून गेलं तरी टेस्ट पास होते. खरं ‘इनपुट’ नेहमी मजकूरच देतं, तेव्हा टेस्टनंही ‘१२’ अवतरणातच द्यावं.

आम्हाला मात्र स्ट्रिंग-आयओ, म्हणजे फाइलसारखा वाचता येणारा मजकूर, जास्त पटतो. त्यात दोन ओळी लिहायच्या आणि तो ‘सिस’ मोड्यूलमधल्या ‘एसटीडी-इन’च्या, म्हणजे ‘इनपुट’ जिथून वाचतं त्याच्या, जागी ठेवायचा. ओळी संपल्या की ईओएफ-एरर (वाचायला काही उरलं नाही ही एरर) येते, अगदी लिनक्सवर रिकाम्या ओळीत कंट्रोल-डी दाबल्यावर येते तशीच.

चुकीच्या उत्तरावर पुन्हा विचारणारं लूप असेल, तर आधी ‘बारा’, मग रिकामी ओळ, मग ‘१२’ द्या. तिथे एररचं नाव न देता नुसतं ‘एक्सेप्ट’ (एरर पकडणारी ओळ) लिहिलेलं असेल, तर ते ईओएफ-एररही गिळतं. दिलेल्या ओळी कमी पडल्या की लूप थांबतच नाही आणि टेस्ट लटकते. फक्त व्हॅल्यू-एरर, म्हणजे ‘इंट’ला आकडा समजला नाही की येणारी एरर, पकडा.

आपल्याकडे देवनागरी आकडेही तपासायलाच हवेत. पायथनचं ‘इंट’ ते मुकाट्यानं समजून घेतं, जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘नॅन’ (हा आकडा नाही) देतं. स्वल्पविराम असलेलं ‘१,२५०’ दोघांनाही चालत नाही, आणि हिशेब लिहिणारा माणूस नेमका तसाच आकडा टाकतो.